किनाऱ्यावरचे चार

जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटमध्ये कुणी किती वाजले म्हणून विचारलं, की आधी उलटा प्रश्न यायचा, "खरे की अप्पांचे?"

कारण गुरुशांत अप्पांच्या घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढं. हॉलमधलं, स्वयंपाकघरातलं, देवाजवळचं, सगळी. या माणसाला उशीर खपायचा नाही, आणि घरातलं कुणी आपल्या मनानं वेळेवर येईल यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बायको चन्नम्मा मैंदर्गीची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती प्रत्येक वेळेतून दहा वजा करून जगत आलेली. दूध, कुकर, पोरीची शाळा, सगळं वजा करून. गंमत म्हणजे गुरुशांत स्वतःसुद्धा मनातल्या मनात वजाच करायचे. मग फसवलं कुणाला, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण काटा मागं घ्यायची घरात कुणाची टाप नव्हती.

पोरगी शिवलीला शाळेच्या गडबडीत एका पायात मोजा घालून स्वयंपाकघरात यायची आणि हळूच विचारायची, "अव्वा, खरे किती?" चन्नम्मा तिच्या कानात सांगायची. मग दोघी हसायच्या, आणि पोरगी उरलेल्या वेळात आणखी एक भाकरीचा तुकडा खायची. मायलेकींचं तेवढंच एक गुपित होतं तेव्हा.

पुढं पोरीनं मोठं गुपित केलं. हॉटेलच्या कोर्सला होती, तिथल्या इंद्रजीत नावाच्या मराठ्याच्या पोराशी जातीबाहेर लग्न करून मोकळी झाली. गुरुशांत ओरडले नाहीत. हा माणूस कधीच ओरडत नाही. त्यांनी फक्त तिचा फोटो भिंतीवरून उतरवला, खिळासुद्धा काढला, आणि त्या दिवसापासून तिचं नाव घेतलं नाही. पाहुण्यांपैकी कुणी "लीला कशी हाय" म्हणालं, की हे आपले सिमेंटचा भाव सांगायला लागायचे. होटगी रोडला सिमेंट-पत्र्याचं दुकान, त्यामुळं भाव तोंडावरच असायचा. ओरडणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. गप्प बसणाऱ्याचं काय करायचं?

चन्नम्मानं आपल्यापुरती वाट काढली. नवरा दुकानात गेला की दुपारी ओट्याला टेकून उभी राहायची आणि पोरीला फोन लावायची. शिवलीला आणि इंद्रजीत थायलंडात फुकेतला, एका मोठ्या हॉटेलात कामाला. त्यांना मुलगी झाली, ती रांगायला लागली, चालायला लागली, चार वर्षांची झाली, ते सगळं चन्नम्मानं फोनच्या काचेवर बोट ठेवून बघितलं. पोरीचं नाव नीला. गुरुशांतांच्या आईचं नाव नीलम्मा, तेच शिवलीलानं ठेवलेलं.

"अप्पांना यातलं काही सांगू नको," ती म्हणाली होती. "एक दिवस मीच तिला त्यांच्यासमोर उभी करीन. मग बघू कसा सिमेंटचा भाव सांगतात ते."

आणि मग ती सहल आली. टारगेट पुरं केलेल्या डीलरांना कंपनी जोडीनं परदेशात नेते. या वेळी बोटीची सफर होती. सिंगापूरहून निघायचं, समुद्रातून फिरून परत सिंगापूर. गुरुशांत जेवताना एकेक मुक्काम सांगत होते. तिसरं नाव फुकेत आलं आणि चन्नम्माच्या तव्यावरची पोळी जळाली.

"लक्ष कुटं हाय तुझं?" गुरुशांत म्हणाले.

"हितंच की," चन्नम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोनवर मायलेकींचं ठरलं. नाताळची गर्दी असल्यामुळं शिवलीलाला रजा मिळत नव्हती. "अव्वा, माझी ड्युटी तीनला सुटते. तिथून धक्क्यावर यायला तास लागतो. चारला मी नीलाला घेऊन पोचते."

"चारला? आमाला पाचला परत बोटीवर जायचंय म्हणं."

"मग एक तास मिळतोय की, अव्वा."

एक तास. दहा वर्षांनी. चन्नम्माला तेवढा तास म्हणजे तालुका जिंकल्यासारखं वाटलं. तिनं अक्कलकोटहून खण आणवला आणि नातीला परकर-पोलकं शिवलं. माप माहीत नव्हतं. म्हणून फोनवरच्या पोरीकडं बघून अंदाजानं कापलं आणि खाली चांगली बोटभर दुमड ठेवली. पोरगी वाढेल तशी उसवता येईल. शेंगापोळ्या केल्या, कडक भाकरी बांधली, शेंगाची चटणी दोन पिशव्यांत घालून डब्यात कोंबली.

बोट म्हणजे काय, पाण्यावर उभं केलेलं लग्नाचं कार्यालयच. खाली वर जेवणं, नाचगाणी, आणि सोलापूर जिल्ह्यातले डीलर अर्ध्या चड्डीत. चढल्याबरोबर गुरुशांतांनी बायकोच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं आणि काटे फिरवून परत दिलं.

"हितं बोटीची वेळ चालती," ते म्हणाले.

"धा मिनिटं पुढं लावलाय का?"

"न्हाय. बोटीवर जी हाय तीच."

चन्नम्माला बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा तिच्या हातावर अशी वेळ होती, जिच्यातून काही वजा करायचं नव्हतं.

फुकेतच्या आदल्या संध्याकाळी सहलीचा मॅनेजर आदिनाथ यानं डीलरांची मीटिंग घेतली. आदिनाथ सोलापूरचाच, पोरगा चांगला. बायकांना वर हाउजीला बसवलं होतं. बायकांना काय सांगायचं, नवरे सांगतीलच, असा हिशेब. गुरुशांत खोलीत परत आले आणि म्हणाले, "टोपी घ्यायची. बाहेरचं पानी प्यायचं न्हाय. किनाऱ्यावरनं शेवटची होडी पाचला."

"आनि काय सांगितलं?"

"पाचची होडी ध्यानात ठेव."

मोठी बोट किनाऱ्याला लागत नव्हती. लांब समुद्रात उभी राहायची आणि माणसं होड्यांतून धक्क्यावर ने-आण करायची. उतरल्यावर सगळे देवळं बघायला बसमध्ये बसले. चन्नम्मा म्हणाली, गुडघे लई दुखायलेत, मी हितंच बाकड्यावर बसते.

गुरुशांतांनी तिच्याकडं बघितलं. तिच्या मांडीवरच्या फुगलेल्या पिशवीकडं बघितलं. "बस की," ते म्हणाले. "सावलीत बस."

एवढं सोपं जाईल असं तिला वाटलं नव्हतं. तिला नवऱ्याची दयाच आली. आपण या माणसाला फसवतोय, आणि हा आपल्याला सावलीत बसवून चाललाय. बाकड्यावर बसून तिनं दोनदा मनातल्या मनात माफी मागितली. ती माफी तिला पुढं कधीच परत घेता आली नाही, त्याचा राग आजही तिच्या पोटात आहे.

हातावरच्या घड्याळात चार वाजले तशी ती उठून उभी राहिली. रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येक रिक्षेत ती डोकावून बघत होती. सव्वाचार झाले. वाटेत गर्दी असंल. साडेचार झाले. पोरगी रडली असंल, कपडे बदलायला थांबले असतील. मग बस परत आली, मंडळी टोप्या सावरत उतरली, आणि पहिली होडी भरून गेली. चन्नम्मा तशीच रस्त्याकडं तोंड करून उभी होती. तिच्या फोनला तिथं रेंज नव्हती, परदेशात चालणारं कार्ड फक्त नवऱ्याच्या फोनमध्ये.

शेजारी शहाळ्याची गाडी होती. गाडीच्या खांबाला एक घड्याळ टांगलेलं. त्यात पावणेचार. चन्नम्मानं आपला हात बघितला. पावणेपाच. पहिल्यांदा तिला वाटलं, हे घड्याळ बंद असंल. पण काटा चालत होता.

आयुष्यभर खरे किती म्हणून विचारत आलेली बाई, नेमकी आज विचारायची राहिली.

"आदिनाथ," तिनं हाक मारली, "खरे किती वाजले रे?"

"काकू, हितले पावणेचार. बोटीवर पावणेपाच. बोट सिंगापूरच्या वेळेवर चालती, फुकेत एक तास मागं हाय. आपण बोटीचंच घड्याळ धरायचं, न्हाय तर बोट निघून जाती." तो आपल्या नादात माणसं मोजत होता. "काल मीटिंगमध्ये सांगितलं की. काकांनी तर नंतर मला बाजूला घेऊन पक्कं करून घेतलं. किनाऱ्यावर चार, म्हंजे बोटीवर किती, म्हणून. मी म्हणलं, पाच. शेवटची होडी सुटती तेव्हा."

चन्नम्माला सगळं एकदम कळलं. किनाऱ्यावर चार. साडेतीन नाही, तीन नाही, चारच. हा आकडा ती आणि शिवलीला सोडून कुणालाही ठाऊक नव्हता. म्हणजे दुपारच्या फोनचं यांना माहीत होतं. किती वर्षं माहीत होतं, देव जाणे. जिन्यावर उभं राहून तिचा एखाद-दुसरा शब्द ऐकत असतील, आणि मग चपला वाजवत वर येत असतील.

गुरुशांत होडीच्या पायरीशी उभे होते. ती त्यांच्याजवळ गेली.

"तुमाला ठावं होतं."

"चल, सगळे बसलेत."

"पंधरा मिनिटात येतीय ती. मी न्हाय यायची."

"मग ऱ्हा. पासपोर्ट बोटीवर हाय तुझा. भाषा येती का हितली?" हे त्यांनी इतक्या शांतपणे विचारलं, की जवळच्या बाईला वाटलं नवरा-बायको जेवणाबद्दल बोलतायत.

आदिनाथ मधे पडला. काकू, ही शेवटची, ही चुकली तर लई अवघड होईल, माझी नोकरी जाईल. होडीतली जिल्ह्याची सगळी माणसं बघायला लागली. आणि चन्नम्मा बसली. आजही ती स्वतःला विचारते, का बसलीस गं? आयुष्यभर या माणसाच्या घड्याळानं उठली-बसली, तशीच तिथंही बसली.

दोर सुटला. होडी दहा-पंधरा हात गेली असेल, आणि रस्त्याच्या बाजूनं एक बाई पळत आली. एका हातात चप्पल, दुसऱ्या हाताला एक पोरगी, पिवळ्या फ्रॉकमधली. शिवलीला जरा जाड झाली होती. धक्क्याच्या टोकाला येऊन ती थांबली, तिनं हातातला फोन बघितला, मग होडी बघितली. वेळेवर आली होती पोरगी. चारच्या ठोक्याला. चन्नम्मानं पिशवी वर उचलून धरली, का ते तिलाही कळलं नाही. पिवळ्या फ्रॉकवालीनं हात हलवला. लहान पोरं जाणाऱ्या कुठल्याही होडीला हलवतात तसा.

गुरुशांतांनी बघायचं नाही म्हणून ठरवलं असणार. पण बघितलं.

बोटीवरच्या खोलीत ते म्हणाले, "मी तुला अडवलं का? बस म्हणालो, बसलीस. एक शब्द खोटा बोललो आसंल तर सांग."

खरंच होतं. एक शब्द खोटा नव्हता. चन्नम्मानं पिशवीतल्या शेंगापोळ्या काढल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. परकर-पोलकं घडी करून बॅगेच्या तळाला ठेवलं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ती पोरगी कुणाची?"

चन्नम्मानं दिवा मालवला.

घरी आल्यावर पहिल्या दुपारी तिनं फोन लावला. शिवलीला रडली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, "तू होडीत बसलेली दिसलीस मला, अव्वा. आता परत ठरवू नको. नीला दोन दिवस विचारत होती, आज्जी मला बघून का गेली म्हणून."

तेव्हापासून गुरुशांत विचारतात. आधी आडून, मग सरळ. दुकानातून लवकर येतात आता. तिचीच काय? किती वर्षांची? नाव तरी सांग. एकदा तर खिळा घेऊन आले आणि भिंतीत जुन्याच जागी ठोकला, पण तेव्हा उतरवलेला फोटो चन्नम्मानं कुठं जपून ठेवलाय, ते तिनं सांगितलं नाही. ती भांडत नाही. ओरडत नाही. भाजी कुठली करू विचारते, ताट वाढते, आणि या एका गोष्टीवर तोंड मिटून घेते. हे ती कुणाकडून शिकली ते सांगायला नको.

परवा गुरुशांतांच्या आईची पुण्यतिथी झाली. पाच-सहा नातेवाईक आले होते. गुरुशांतांनी फोटोला हार घातला, विभूती लावली आणि तसेच हात जोडून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. या माणसाला रडताना चन्नम्मानं कधी बघितलं नव्हतं.

"अव्वा," ते फोटोला म्हणाले, "तुझं नाव सांगायला बी मागं कुनी ऱ्हायलं न्हाय."

नैवेद्याचं ताट घेऊन चन्नम्मा मागंच उभी होती. नातीला ठेवलेलं तेच नाव तिच्या जिभेवर आलं. दोनच अक्षरं. ती बोलली असती, तर हा माणूस तिथंच खाली बसला असता, कदाचित त्याच दिवशी पोरीला फोन केला असता. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं. त्यात आपल्या लेकीचं आणि नातीचंही नुकसान आहे, हेही कळत होतं. पण डोळ्यांपुढं ती होडी आली, आणि "बस की, सावलीत बस" आलं.

तिनं ताट फोटोपुढं ठेवलं.

"वेळ झाली," ती म्हणाली. "पाव्हण्यांस्नी जेवायला बसवा."