रिकाम्या पाळण्याची धून

ती कॅसेट मला कॉलेजच्या ग्रंथपालांनी दिली. टिळकवाडीतल्या आमच्या कॉलेजात ते अधूनमधून पडदा लावून वेगळे चित्रपट दाखवायचे. ती कॅसेट ज्याची होती तो चित्रपट मात्र त्यांना मिळाला नव्हता. चारपाच तरुणांनी वर्गणी काढून तो केला होता. तो थेटरात आठवडाभरही टिकला नाही, बेळगावात तर आलाच नाही. सरांनी तो पुण्याला पाहिला होता आणि तिथूनच त्याच्या संगीताची कॅसेट आणली होती. देताना म्हणाले, "जपून वापर. दुसरी मिळायची नाही."

मी तेव्हा वडगावला आक्काकडं राहून शिकत होते. आईवडील निपाणीला, आई बिड्या वळायची, वडील तंबाखूच्या वखारीत. आक्काच्या घरात पुढच्या खोलीत दोन माग होते. दाजी ते चालवायचे, आम्ही दोघी सुताच्या कांड्या भरायचो. घरभर कापसाची तूस उडायची. ती टेपात जाऊन फीत गुंतली तर सरांना काय तोंड दाखवायचं, या धास्तीनं मी कॅसेट साडीच्या घडीत लपवून ठेवायचे.

माग चालू असताना टेप ऐकू यायचाच नाही. वीज गेली की माग थांबायचे, मग सेलवर टेप लावायचा. बाकीच्या कॅसेटींत सहा गाणी असायची, दोन चांगली, उरलेली पुढं पळवायची. हिच्यात पळवावं असं काही नव्हतं. गाणी दोनच होती. त्यांच्यामध्ये जात्याची घरघर, मिनिटभर सारंगी, रहाटाचं कुरकुरणं, वाळक्या पाल्यावरून कुणीतरी चालत गेल्याचा आवाज. ज्यानं हे निवडलं होतं त्याला कशानंतर काय ऐकावंसं वाटतं ते नेमकं कळत होतं. चित्रपट न बघता मला ते घर दिसायचं, त्याची विहीर दिसायची, परसातला उकिरडासुद्धा दिसायचा.

दुसऱ्या बाजूला सगळ्यात शेवटी एका बाईचं नुसतं गुणगुणणं होतं. शब्द नाहीत, वाद्य नाही. मध्ये ती श्वास घ्यायची तोही ऐकू यायचा. मी सरांना विचारलं, "सर, ती बाई काय करते तेव्हा?"

"पाळणा हलवते," सर म्हणाले. मग पुढं म्हणाले, "पाळणा रिकामा असतो."

त्या दिवसापासून मला त्या धुनेची भीती बसली. आक्काला सातवा लागला होता. तिचं पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी जन्मताच गेलं होतं. आणि नेमकी तीच धून तिला सगळ्यात आवडायची. वीज गेली की ती भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसायची आणि म्हणायची, "ती शेवटची लाव गं."

मी कधी सेल उतरले म्हणायचे, कधी फीत अडकली म्हणायचे. खरं काय ते सांगायचं धाडस झालं नाही. अपशकुन माझ्याच तोंडून घरात यायला नको, असं वाटायचं.

नववा भरत आला तेव्हा दाजी आईला आणायला निपाणीला गेले. दुसऱ्या दिवशी परत यायचे होते. ते गेले त्याच दिवशी भाषेच्या प्रश्नावरून शहरात दगडफेक झाली, एसट्या बंद पडल्या, आणि सकाळ उजाडली ती संचारबंदीतच. सगळ्या वडगावातले माग थांबले होते. दिवसरात्र ज्या आवाजाची सवय झालेली असते तो एकाएकी बंद पडला की कान दुखतात. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी होती. लाउडस्पीकरवरून कुणीतरी आधी कानडीत, मग मराठीत सांगत होतं की घराबाहेर पडू नये.

दहाच्या सुमारास आक्का चुलीपुढं वाकली ती तशीच राहिली. "आगं," ती म्हणाली, "सुरू झालं वाटतं."

कॅम्पातल्या दवाखान्यात नाव घातलं होतं, पण तिथं जायचं कसं? दार किलकिलं करून रस्त्यावर पाहिलं. एक पोलीस काठी उगारून ओरडला. मी दार लावलं आणि कडीला धरून तशीच उभी राहिले.

"अशी उभी राहू नगं," आक्का म्हणाली. "मागच्या दारानं जा. अज्जीला बोलाव."

अज्जी म्हणजे तीन घरं पलीकडं राहणारी कानडी म्हातारी. पूर्वी ती बाळंतपणं करायची. आता डोळ्यांनी तिला कमी दिसायचं. मी परसातून दोन भिंती चढून गेले. दुसऱ्या भिंतीवर असताना कुठंतरी धाडकन आवाज झाला. बार होता की टायर फुटला होता, कळलं नाही. मी पलीकडं अंग टाकलं. गुडघा फुटला. अज्जीनं दार उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता लुगड्याचा ओचा खोचला. भिंती ती चढणार नव्हती. तिनं सरळ पुढचं दार उघडलं आणि माझा हात धरून रस्त्यानं चालू लागली. पोलीस ओरडला तेव्हा ती त्याच्याहून मोठ्यानं कानडीत ओरडली. काय म्हणाली ते मला घाबरून समजलंच नाही, पण त्यानं काठी खाली घेतली.

घरात आल्यावर तिनं आक्काच्या पोटाला हात लावून पाहिलं आणि विचारलं, "कळ किती वेळानं येती?"

घरातलं एकुलतं एक घड्याळ दाजींच्या मनगटावर निपाणीत होतं. मला एकदम कॅसेट आठवली. तिच्या कागदावर एकेक तुकडा किती मिनिटांचा ते छापलेलं होतं. मी टेप लावला. पहिलं गाणं साडेचार मिनिटं, जातं दीड, सारंगी एक. कळ आली की मी बोटावर मोजायचे आणि अज्जीला सांगायचे. आधी बारा मिनिटांनी, मग नऊ, मग सहा. ती मान हलवायची आणि पाणी तापवायला लावायची. पहिली बाजू संपली. मी दुसरी लावली, आणि शेवटच्या धुनेच्या आधी टेप बंद केला.

"का बंद केलंस?" आक्कानं विचारलं. ती घामानं भिजली होती.

"पुन्हा पहिल्यापासनं लावते."

"ती बाई लाव."

"नगं आक्का."

"लाव म्हणते न्हवं!"

मी रडायला लागले. तोंडून निघून गेलं, "आक्का, तिचा पाळणा रिकामा हाय गं. सरांनी सांगितलंय."

आक्कानं डोळे मिटले. कळ ओसरू दिली. मग हळूच म्हणाली, "मला ते कुणी सांगाय पायजे व्हय? पयल्या डावातच वळकलं मी. माझं गेलं तवा मी बी अशीच हुं हुं करत बसलेली. तू तवा निपाणीत व्हतीस, तुला कुठलं ठावं. तिचं ऐकलं की मी एकटी न्हाय वाटतं. लाव."

मी बटण दाबलं. ती बाई गुणगुणायला लागली. अज्जीनं एकदा टेपाकडं पाहिलं, मग माझा खांदा दाबला आणि म्हणाली, "हेदरब्याड." घाबरू नको.

कळा आता थांबेनाशा झाल्या. मोजण्यात अर्थ उरला नाही. टेप कधी संपला मला आठवत नाही. मी आक्काचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. मग अज्जी वाकली, तिच्या हातांत काहीतरी निळसर, ओलं आलं, आणि खोलीत आवाज नव्हता.

आक्का विचारत नव्हती. अज्जीनं पोरीला उलटं धरलं, पाठीवर चापट मारली, तोंडात बोट घालून चिकटा काढला, पुन्हा चापट मारली. मला वाटलं, मीच आणलं हे घरात. मीच ती कॅसेट आणली.

मग खोकल्यासारखं काहीतरी झालं, आणि पोर रडली. फार मोठ्यानं नाही. चिडल्यासारखी.

आक्का म्हणाली, "रडतीया न्हवं? खरंच रडतीया?"

"व्हय," मी म्हणाले. "रडतीया."

दुसऱ्या दिवशी संचारबंदी दोन तास उठली तेव्हा दाजी आणि आई आले. एका ट्रकवाल्यानं त्यांना शहराबाहेर सोडलं होतं, तिथून ते पायी आले होते. आईनं आधी आक्काला पाहिलं, मग पोरीला, आणि मग माझ्या हातात चहाची कपबशी दिली. ती माझ्या हातात इतकी वाजायला लागली की आईनं ती परत काढून घेतली. आदल्या दिवशी न आलेलं सगळं थरथरणं तेव्हा आलं. आईनं मला कुशीत घेतलं तरी ते थांबेना.

पुढं कित्येक महिने पोर शांत झोपली की तिचा श्वास चालू आहे ना, अशी मला शंका यायची. मी जाऊन तिच्या नाकाखाली बोट धरायचे. ती दचकून उठायची आणि भोकाड पसरायची. आक्का आतून ओरडायची, "आता कुठं निजलेली गं ती!"