न भिणारा सालावदी

सालावदीसारखा बढाईखोर माणूस मी आमच्या चेचेन लोकांतसुद्धा दुसरा पाहिला नाही, आणि आमच्यात काय कमी आहेत होय! पोलंडच्या पूर्व टोकाच्या निर्वासित केंद्रात बायको आणि तीन पोरं घेऊन आला, आणि बघता बघता सगळं अंगण त्याचं झालं. कुणाच्या बाबागाडीचं चाक निखळलं, बोलवा सालावदीला. मूळचा ट्रॅक्टर मेकॅनिक. हात चालू, तोंड त्याहून चालू. गावाकडे बैल शिंगांना धरून लोळवला, लांडगा शेपटीला धरून हाकलला, एक ना दोन. वर ती मिशी!

मी तिथली दुभाषी. आश्रय मागणाऱ्याची मुलाखत होते, तिच्यात अधिकारी एकच गोष्ट चाचपून बघतात: परत गेलात तर जिवाला धोका आहे का, तुम्हाला खरंच भीती आहे का? पटलं तर राहा, नाही पटलं तर सामान बांधा. आता चेचेन पुरुषाला 'मी भितो' म्हणायला लावणं म्हणजे भर चौकात विजार उतरवायला लावणं. त्यातून ऐकायला चेचेन बाई असली, तर विचारूच नका.

त्याच्या बायकोनं, यखितानं, मला त्याच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात गाठलं.

"तोइता, पोरांच्या बाबांना समजाव गं. सरकारी माणसांनी दिराला उचलून नेलं, आता ते यांच्या मागावर आहेत. आणि हे तिथे मिशीला पीळ देत बसतील."

"मला पढवायची परवानगी नाही, बाई. नोकरी जाईल माझी."

"मग आम्ही परत जाऊ," ती म्हणाली आणि परातीतलं पीठ असं तिंबायला लागली, की जणू नवराच हाती सापडलाय.

दुसऱ्या दिवशी मुलाखत. समोरचा 'मी' म्हणाला की दुभाष्यानंही 'मी'च म्हणायचं, हा आमचा नियम. अधिकारी ग्राझिनाबाईंनी शांतपणे विचारलं, "परत जायची भीती वाटते का?"

"भीती? मला?" सालावदी गरजला. "त्यांनी भ्यावं मला! एकेकाला उचलून आपटीन!"

आणि मी, जेमतेम पाच फुटांची, सर्दीनं बेजार, खणखणीत पोलिशमध्ये म्हणाले, "एकेकाला उचलून आपटीन!"

ग्राझिनाबाईंनी चष्मा काढून पुसला. "मग इथं आलात कशाला?"

"हवा चांगली आहे म्हणून."

अस्सा संताप आला मला! मेल्या, तीन पोरं आहेत तुला! पण तेवढंच बोलायची सोय नव्हती.

ग्राझिनाबाई चिडल्या नाहीत. त्यांनी अर्ज बघून विचारलं, "तुमच्या भावाला नेलं तेव्हा तुम्ही कुठे होता?"

सालावदीचा हात मिशीवरून खाली आला. मग म्हणाला, "हिला बाहेर पाठवा, मग सांगतो."

तेही मीच सांगितलं. ग्राझिनाबाई म्हणाल्या, "ती गेली तर मला कळणार कसं? पुरुष दुभाषी हवा तर थांबावं लागेल."

"नको. आज नाही बोललो तर कधीच बोलणार नाही."

मी ग्राझिनाबाईंना विचारलं आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले.

मागून आवाज आला, पण तो सालावदीचा वाटेना. "मी गोठ्याच्या माळ्यावर होतो, गवतात. खाली भावाला मारत होते. मी वर आहे हे त्याला ठाऊक होतं. त्यानं वर बघितलं नाही. मी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. आता दाराशी गाडी थांबली की माझे पाय लटपटतात. धाकटा बघतो माझ्याकडे. मला भीती वाटते."

मी एकेक वाक्य पोलिशमध्ये म्हणत गेले. मी गवतात होतो. मी तोंड दाबून धरलं. मला भीती वाटते.

त्यांना राहायचा परवाना मिळाला. आता तो बसडेपोत आहे आणि पोलिश लोकांना लांडग्याची गोष्ट ऐकवतो. ऐकवू दे बापडा.

पण त्या दिवशी मी भिंतीकडेच तोंड करून राहिले. शेवटी सालावदीनंच विचारलं, "सांगून झालं, बहिणी?"

"झालं."

"मग फिर की इकडे."

माझा चेहरा त्याला दाखवण्यासारखा नव्हता. "थोडं थांब, भाऊ," मी म्हणाले.

आणि तो थांबला.