छान म्हणायचं नाही

दिनकरच्या स्टुडिओत निगेटिव्ह ठेवायला बिस्किटांचे पत्र्याचे डबे असायचे. डब्यावर नाव नाही, तारीख नाही. एखाद्या लग्नाची निगेटिव्ह शोधायला झाकण उघडावं, तर वर भलत्याच कुणाचा पासपोर्ट फोटो, त्याखाली घाटाची पायरी, तिच्याखाली एक गाढव. आमच्या त्या दिवसांचे किस्से असेच साठलेत. सांगायला जातो एक आणि हाताला लागतो दुसराच. बहुतेक सगळे हसण्यासारखे आहेत.

आधी माणसं सांगतो, तिघंच होतो. वामन गांगुर्डे हा मूळचा नांदगावचा, नाशिकला एका शाळेत ड्रॉइंग टीचर. चित्रं काढायचा ती मॉडर्न. ‘यात काय आहे?’ असं कुणी विचारलं की म्हणायचा, ‘रंग आहे.’ दिनकरचा भद्रकालीत फोटो स्टुडिओ. आठवडाभर पासपोर्ट आणि लग्नं, रविवारी मात्र कॅमेरा घेऊन भिंती. ओल आलेल्या, पोपडे सुटलेल्या भिंती. माणसं का काढत नाहीस म्हटलं तर म्हणे, ‘माणसं हलतात.’ आणि तिसरा मी, पाटबंधारे खात्यात कारकून. मला ना चित्र येत होतं ना फोटो. मला फक्त आवडायचं. आवडायचं म्हणजे इतकं, की ऑफिसात टिपणी लिहिताना मध्येच गांगुर्डेचा एखादा निळा रंग आठवायचा आणि टिपणी तशीच राहायची.

दर रविवारी सकाळी आम्ही गांगुर्डेच्या घरी जमायचो. कॉलनीत दोन खोल्या, पुढे ओटा. बाहेरच्या खोलीत फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्याखाली भिंतीला टेकवलेली चित्रं.

*

गांगुर्डेचं पहिलं प्रदर्शन एका वाचनालयाच्या हॉलमध्ये भरलं. मे महिना होता. तीन दिवस मी रजा काढून दारात अभिप्रायाची वही घेऊन बसलो. लोक आले, चित्रांसमोरून लग्नाच्या पंगतीतून वाट काढावी तसे भराभर गेले आणि वहीत लिहून गेले.

शेवटच्या दिवशी गांगुर्डेनं वही वाचायला घेतली. ‘छान. छान. अतिशय छान. छान, असेच काढत राहा. छान.’ पानामागून पान तेच. अगदी शेवटी कुणीतरी लिहिलं होतं, ‘पंखे बंद आहेत. फार उकडते.’

गांगुर्डेनं वही मिटली. ‘एवढा एकच माणूस खरं बोललाय,’ तो म्हणाला.

पुढच्या रविवारी त्यानं नियम जाहीर केला. या घरात कुणी छान म्हणायचं नाही. न बघताच बोलायचं असलं की माणूस छान म्हणतो. इथं चित्र असो की फोटो, काय खटकलं ते सांगायचं. नुसतं गप्प बसणंही चालणार नाही. आणि चुकून जो छान म्हणेल त्यानं बाहेर ओट्यावर जाऊन उभं राहायचं. बाकीच्यांचा चहा संपला की आत यायचं आणि आपला गार झालेला प्यायचा.

मला ही कल्पना फार पटली. म्हणालो, ‘छान आहे नियम.’

ओट्यावर जाणारा पहिला माणूस मी!

*

दुसरा नंबर गांगुर्डेच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा लागला. गांगुर्डेनं एक पिवळं चित्र केलं होतं. चहाचा ट्रे घेऊन येताना वहिनी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘अगं बाई, छान झालंय की.’

गांगुर्डेनं दाराकडे बोट केलं. आम्ही दोघं मान खाली घालून बसलो.

वहिनींनी ट्रे तसाच हातात ठेवला. ‘जाते की,’ त्या म्हणाल्या. ‘चहा पण घेऊन जाते. आणि दुपारचा स्वयंपाक तुम्ही बघा.’ आणि त्या खरंच निघाल्या.

त्या उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत नियमाला दुरुस्ती झाली. वहिनींना सूट. त्यानंतर त्या घरात छान म्हणायची परवानगी असलेलं ते एकच माणूस होतं आणि म्हणूनच त्यांच्या छानकडे गांगुर्डेनं कधी लक्ष दिलं नाही. तेव्हा आम्हाला त्याचं हसू यायचं, आता येत नाही.

*

दिनकरचं देवळ्याचं लग्न तर आमच्यात गाजलंच. कांद्याचे मोठे बागायतदार, घरातलं पहिलं लग्न. दिनकर दोन रोल घेऊन गेला. पंधरा दिवसांनी मुलीचे वडील अल्बम बघायला स्टुडिओत आले तेव्हा मीही तिथं होतो.

पहिलं पान, मांडवाच्या कापडाची सावली. दुसरं पान, बँडवाल्यांचे नुसते बूट. तिसऱ्यावर कांद्याचा ढीग, चौथ्यावर तोच ढीग जवळून, पाचव्यावर एकच कांदा. त्याच्या सालीवर असा काही उजेड पडला होता की मी खुर्चीतून अर्धा उठलो. पण दिनकर माझ्याकडेच बघत होता, म्हणून म्हणालो, ‘मागचं पोतं खटकतंय.’

मुलीच्या वडिलांनी पुढची पानं चाळली, मागची चाळली. चिडले नाहीत, हेच विशेष. शांतपणे म्हणाले, ‘कांदा त आमनाच शे भाऊ. पन लगीन पोरनं व्हतं ना?’

दिनकरनं नंतर मला विचारलं, ‘पोतं खरंच खटकलं का रे?’ मी हो म्हणालो. त्यानं तो फोटो कापून पोतं काढून टाकलं. उरलेला तुकडा पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला.

*

एकदा आम्ही एसटीनं पेठच्या बाजूला गेलो. तिकडे एका पाड्यावर लग्नघरात बायका तांदळाच्या पिठानं भिंतीवर चित्र काढतात, असं गांगुर्डेनं ऐकलं होतं. गेलो तेव्हा एक म्हातारी बाई भिंतीपुढे बसून बांबूच्या काडीनं काढत होती. झाडं, माणसं, मोर, मधे देवीचा चौक. हात कुठं थांबत नव्हता. आम्ही दोन तास तिच्यामागे उकिडवे बसलो.

काम संपल्यावर तिनं वळून पाहिलं. आता हे शहरातले पाहुणे काहीतरी बोलतील म्हणून ती वाट बघत होती. आम्ही तिघं सवयीनं गप्प. खटकण्यासारखं काही नव्हतं आणि दुसरं काही बोलायची परवानगी नव्हती.

‘लांबून आलं, बघितलं, आन् बोलं ना कोणी,’ ती सुनेला म्हणाली. ‘मुकं हाय काय तिघं?’

परत येताना एसटीत दिनकरला राहवलं नाही. ‘छान होतं रे,’ तो पुटपुटला. मग स्वतःच उठला आणि नाशिकपर्यंत उभा राहिला. बस अर्धी रिकामी होती. कंडक्टरनं तीनदा सांगितलं, ‘बसा की साहेब.’ शेवटी दिनकर म्हणाला, ‘शिक्षा आहे.’ कंडक्टरनं पुन्हा सांगितलं नाही.

दिनकर आणि मी ओट्यावर किती वेळा गेलो याला हिशोब नाही. गांगुर्डे एकदाही गेला नाही. त्याच्या तोंडून तो शब्द कधी निघालाच नाही, दुसऱ्याच्या कामाला नाही आणि स्वतःच्या तर नाहीच.

*

आता चाळीच्या चित्राचं सांगतो.

चाळ म्हणजे कांद्याची. बांबूच्या फटीफटीच्या भिंती, आत कांदा साठवलेला. गांगुर्डेचे वडील नांदगावला अशाच एका चाळीवर कामाला होते आणि दुपारी वडिलांची भाकरी पोचवून झाली की हा तिथंच आडवा व्हायचा. फटींतून ऊन आत यायचं ते त्यानं तिथं पाहिलेलं. वीस वर्षं डोक्यात होतं आणि ते त्यानं एका उन्हाळ्याच्या सुट्टीत काढलं.

रविवारी गेलो तर ते भिंतीला टेकवलेलं होतं. कांदा नव्हता, बांबू नव्हता. नुसता जांभळट लाल अंधार आणि त्यात उभे कापल्यासारखे उजेडाचे पट्टे. मी चप्पल काढायची विसरलो. किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. तोवर पाहिलेलं सगळं त्यापुढे किरकोळ वाटत होतं. शेजारी दिनकर नेहमीप्रमाणे भिंतीवरच्या ओलीचा फोटो घेत होता.

‘बोल अनंता,’ गांगुर्डे म्हणाला. त्याचा आवाज जरा वेगळा होता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

छान म्हणून ओट्यावर जायचं होतं, एवढंच. एक गार चहा. पण मला वाटलं, इतक्या मोठ्या चित्रापुढे तो शब्द म्हणजे त्याचा अपमान होईल. गप्पही बसता येत नव्हतं. मी म्हणालो, ‘उजवा कोपरा जरा जड वाटतोय.’

कोपरा जड नव्हता. कोपऱ्यात काहीही नव्हतं.

गांगुर्डेनं मान हलवली. पुढच्या रविवारी कोपरा हलका झाला होता आणि त्यामुळे शेजारचा पट्टा लटकल्यासारखा दिसत होता. हे मात्र खरंच खटकलं, म्हणून मी सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी पट्टा बदलला होता. मग डावीकडचे दोन बदलले. मग अंधार. वहिनी एकदा म्हणाल्या, ‘पहिलं होतं तेच छान होतं हो.’ पण त्यांना सूट होती, त्यांचं कोण ऐकणार? पावसाळा संपेपर्यंत त्या कॅनव्हासवर चिखलाचा रंग उरला. एका रविवारी गेलो तर त्यानं त्यावर पांढरा हात मारून टाकला होता.

‘जमलं नाही,’ तो म्हणाला.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्यानंतर त्यानं मोठं चित्र केलंच नाही. शाळेत ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षांची तयारी घ्यायचा, ऐंशी सालानंतर तर रविवारीही तेच. आमचं जाणं कमी झालं. माझी बदली झाली, दिनकरनं कलर फिल्मचं काम वाढवलं. मी इतरांच्या प्रदर्शनांना जायचो, तोंडभरून छान म्हणायचो आणि घरी येताना तो कोपरा आठवायचो.

*

काही वर्षांनी मी बदलीवरून नाशिकला परत आलो. दिनकर स्टुडिओची जागा बदलत होता, म्हणून त्याचे डबे आवरायला गेलो. तो दिव्यासमोर एकेक निगेटिव्ह धरून बघत होता. एक धरली आणि तशीच माझ्या हातात दिली.

गांगुर्डेच्या घरची भिंत होती. वर ओलीचा डाग आणि त्याच्या खाली पूर्ण चित्र, पहिल्या रविवारचं. उजव्या कोपऱ्यासकट.

दिनकरनं त्याच दुपारी मोठी प्रिंट काढली. रविवारी मी ती घेऊन एकटाच गेलो. दिनकर ‘मी येत नाही’ म्हणाला. वहिनींनी दार उघडलं, ‘किती दिवसांनी भाऊजी,’ म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. गांगुर्डेचे केस पांढरे झाले होते. मी प्रिंट त्याच्या मांडीवर ठेवली. ब्लॅक अँड व्हाइट होती, जांभळा नव्हता, लाल नव्हता. पट्टे मात्र जसेच्या तसे होते.

तो बघत राहिला. मी म्हणालो, ‘वामन, तो कोपरा जड नव्हता. मी खोटं बोललो. काहीतरी खटकलं म्हणायचं म्हणून बोललो.’

त्यानं वर पाहिलं नाही.

‘छान होतं रे ते,’ मी म्हणालो. ‘फार छान होतं.’

वहिनी चहा घेऊन आल्या. मी उठलो, चप्पल न घालताच बाहेर गेलो आणि ओट्यावर उभा राहिलो. समोर कुणीतरी सायकल धूत होतं. आतून कपाचा आवाज येईल म्हणून मी वाट बघत होतो, तो आला नाही.

बऱ्याच वेळानं दार वाजलं. गांगुर्डे बाहेर आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

‘तू का आलास?’ मी विचारलं.

‘मीपण म्हणालो ना,’ तो म्हणाला. ‘आत. तू गेल्यावर.’