निळ्या फुलीचा बॉल

डोलोरेस वोयतासला कुणी विचारलं, नवरा कुठे आहे, तर ती आधी बेसबॉलच्या मॅचचं वेळापत्रक बघायची. टीम शिकागोत असली की कॅझ गल्लीत. टीम परगावी गेली की कॅझ घरात, तोही असून नसल्यासारखा, रेडिओला कान लावून. लग्नाची तारीखसुद्धा या गृहस्थाने टीमचा दौरा बघून काढली होती. रेनाटा जन्मली त्या दिवशी बाप हॉस्पिटलात आला तो गुडघे फुटलेले, पँट फाटलेली आणि हातात बॉल. नर्सला वाटलं, अपघाताची केस आहे.

मैदानाच्या डाव्या भिंतीमागे ती गल्ली, त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आत कुणी जबरदस्त फटका मारला की बॉल बाकड्यांवरच्या लोकांच्या डोक्यावरून उडून गल्लीत येतो, आणि ज्याच्या हाती लागेल त्याचा. एवढ्या एका गोष्टीसाठी चार-पाच थोराड माणसं हातात ग्लोव्ह, कानात रेडिओ आणि बुडाखाली घडीची खुर्ची घेऊन दिवस दिवस तिथे बसून असतात. बॉल आला की सगळी धावतात. गाड्यांखाली घुसतात, गटारात हात घालतात, एकमेकांना कोपरं मारतात आणि संध्याकाळी एकत्र बिअर पितात. कॅझ बस डेपोत मेकॅनिक होता तेव्हा दुपार मोकळी मिळावी म्हणून मुद्दाम पहाटेची पाळी घ्यायचा. निवृत्त झाल्यावर तर काय, रान मोकळंच.

या उद्योगातून त्याला काय मिळालं, तर तळघरभर बॉल. आणि घालवलं काय, तर समोरचा दात, एका बोटाचं सरळपण, आणि शेजारच्या बाईशी असलेलं बोलणं, कारण तिच्या फुलझाडांवर तो पोटावर पडला होता. "अरे, दुकानात मिळतात की बॉल," डोलोरेस म्हणायची. तो तिच्याकडे असा बघायचा, जणू ती चर्चमध्ये मोठ्याने शिंकली.

एवढं करून दुखणं वेगळंच होतं. तळघरातला प्रत्येक बॉल टप्पा पडलेला. रस्त्यावर आपटलेला, गाडीच्या टपावरून उडालेला, कुणाच्या तरी हातून निसटलेला. थेट हवेतून हातात आलेला एकही नाही. "एक झेलू दे, डॉली. हवेतला, स्वच्छ. मग ग्लोव्ह खिळ्याला टांगतो. शब्द देतो." हा शब्द ती इतकी वर्षं ऐकत होती की तिने त्याचा नाद सोडला होता.

पण गेल्या उन्हाळ्यापासून तिला थट्टा सुचेनाशी झाली. एक बॉल थेट कॅझच्या गालफडावर बसला. डोळा थोडक्यात वाचला. "ऊन डोळ्यांत गेलं," तो म्हणाला. त्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं होतं. मग त्याने कॉफीत मीठ घातलं. मग म्हणायला लागला, हल्ली दिवेच मंद बनवतात. त्याचा गल्लीतला जोडीदार, जाडा ऑगी, एकदा कॅझला घरी सोडायला आला तेव्हा दारातच खालच्या आवाजात म्हणाला, "डोलोरेस, याला घरात ठेवा. बॉल येतो एकीकडे आणि हा बघतो दुसरीकडे. पुढचा डोळ्यातच बसेल."

तिने डॉक्टरचं नाव काढलं की कॅझ ताडकन उठायचा. "डॉक्टर म्हणेल, गल्ली बंद. नको मला डॉक्टर." त्याच्यापुढे बोलणं म्हणजे तोंडाची वाफ दवडणं. डोलोरेसच्या मनात आता एकच होतं: हा माणूस आंधळा व्हायच्या आत गल्लीतून बाहेर काढायचा.

वाढदिवसाला रेनाटाने बापाला मैदानातल्या बाकड्यांची दोन तिकिटं पाठवली. कॅझ कुरकुरला. आत बसणं म्हणजे त्याच्या मते आयतोबांचं काम. तरी निघाला. ग्लोव्ह घेतला आणि कोटाच्या उजव्या खिशात फसवा बॉल टाकला.

या फसव्या बॉलची गोष्ट अशी. आपल्या मैदानावर पाहुण्या टीमने होमरन मारला, म्हणजे बॉल थेट भिंतीपलीकडे टोलवला, आणि तो तुमच्या हातात आला, तर तो परत मैदानात भिरकावायचा. शत्रूची भेट आपल्याला नको. न फेकणाऱ्याला लोक शिव्या घालून जागेवर बसू देत नाहीत. म्हणून मुरलेले लोक खिशात एक जुनापाना बॉल बाळगतात, लीगचा म्हणजे स्पर्धेचा शिक्का नसलेला. खरा खिशात सारायचा, जुना फेकायचा, टाळ्या घ्यायच्या. कॅझने घरात असले बॉल इतके इकडेतिकडे टाकले होते की कुठला खरा, कुठला फसवा यावरून रोज आरडाओरडा. शेवटी डोलोरेसने वैतागून कपड्यांवर नाव घालायच्या शाईने फसव्या बॉलवर भली मोठी निळी फुली मारून ठेवली. "आता तरी घोळ घालू नकोस," ती म्हणाली.

सातव्या डावात पाहुण्यांच्या एका धिप्पाड गड्याने बॉल टोलवला. तो वर गेला आणि सरळ त्यांच्याकडेच यायला लागला. डोलोरेसने पाहिलं, कॅझ उभा राहिला खरा, पण तोंड भलतीकडे. मग आजूबाजूच्या लोकांची ओरड जिकडून वाढली तिकडे तो वळला, ग्लोव्ह वर केला, दुसरा हात वर धरला, आणि फाड् आवाज झाला. बॉल ग्लोव्हमध्ये. हवेतला. स्वच्छ.

"फेक परत, फेक परत," सगळी बाकडी ओरडायला लागली. कॅझ पाठ करून वाकला, खिशात हात घातला, काहीतरी खाली-वर केलं आणि जोर लावून बॉल मैदानात भिरकावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी त्याच्या डोक्यावर बिअर सांडली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि डोलोरेसच्याही आलं, म्हणजे आता बघा.

घरी आल्यावर तिने सॉसेज आणि आंबवलेला कोबी गरम केला. कॅझ जेवेना. त्याने बॉल टेबलावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"बघ, डॉली. लीगचा शिक्का बघ. कसा ठसठशीत आहे."

डोलोरेसने पाहिलं. शिक्का नव्हताच. होती ती निळी फुली. तिनेच मारलेली, बशीएवढी, दिव्याखाली त्याच्या नाकासमोर. आणि तो तिच्यावरून अंगठा फिरवत हसत होता.

तिला एकदम इतका राग आला की काय सांगावं. खरा बॉल या बाबाने मैदानात भिरकावला होता. जन्मभर ज्याच्यासाठी दात पाडून घेतला, लेकीच्या जन्माला उशिरा आला, तो बॉल हातात आला आणि हातानेच फेकला. आणि याला दिसतही नाही. फुली दिसत नाही, म्हणजे उद्या बस दिसणार नाही. ओरडून सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं.

पण सांगितलं तर काय होईल? हा म्हणेल, झेललेला बॉल काही माझ्याकडे राहिला नाही, मग तो झेल मोजायचा नाही. आणि उद्या ग्लोव्ह घेऊन गल्लीत.

"ठसठशीत आहे," ती म्हणाली. "आता शब्दाचं काय?"

कॅझने बॉल टेबलावर ठेवला. मग उठला, तळघरात गेला, आणि खिळा ठोकल्याचा आवाज आला.

दुसऱ्या आठवड्यात ती त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. वाटेत म्हणतो कसा, "गल्लीत जायचं नाही तर डोळे हवेत कशाला?"

"माझं तोंड बघायला," डोलोरेस म्हणाली. "आणि कॉफीत साखर घालायला."

मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, कापून काढू, लख्ख दिसेल. डोलोरेसने सुटकेचा श्वास घेतला आणि मग कपाळावर हात मारला. लख्ख दिसलं की पहिल्यांदा हा काय बघणार? फळीवर मांडून ठेवलेला तो बॉल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो झोपलेला असताना तिने नखांचा रंग काढायचं औषध आणि चिंधी घेतली आणि फुली घासायला बसली. स्वतःच्याच हातांना शिव्या देत. एवढी पक्की शाई कशाला वापरायची होती, बाई? शाई निघाली, पण चामडं भुरकट पडलं आणि कडेला आकाशी छटा राहिलीच. तिथे लीगचा शिक्का काही तिला उमटवता येणार नव्हता.

पट्टी काढली त्या दुपारी कॅझ स्वयंपाकघरात आला आणि भिंतीकडे बघून म्हणाला, "हा पिवळा रंग कुणी दिला?"

"तूच. पाच वर्षं झाली."

"भयंकर आहे." मग तो फळीकडे गेला. डोलोरेस बटाटे धुवत होती. धुवतच राहिली.

त्याने बॉल खिडकीजवळ नेला. फिरवला. भुरकट जागेवर त्याचा अंगठा थांबला. त्याने बॉल नाकाशी धरून वास घेतला. बाहेर मैदानातून लोकांचा गलका येत होता. आज टीम घरी होती.

"डॉली," तो म्हणाला, "मी झेलला तर होता ना?"

"झेललास. हवेतला. मी शेजारी उभी होते."

"टप्पा नाही?"

"टप्पा नाही."

कॅझने बॉल फळीवर ठेवला, भुरकट बाजू भिंतीकडे वळवून. खिडकी लावून घेतली आणि टेबलाशी येऊन बसला.

"मग राहू दे ग्लोव्ह खिळ्यावरच," तो म्हणाला. "ते बटाटे दे इकडे, सोलतो."

तिने टोपलं त्याच्यासमोर सरकवलं. आता त्याला सगळं दिसत होतं, म्हणून ती नळाकडे तोंड करूनच उभी राहिली.