एका विषयाची तहकुबी

मोमिनाबादेच्या तहसील कचेरीसमोर लिंबाचं एक झाड होतं आणि त्या झाडाखाली भीमाशंकरअप्पा बसत. सव्वीस वर्षांत किती तहसीलदार आले नि गेले, पण लिंब आणि अप्पा जागचे हलले नाहीत. कपाळाला विभूती, पुढ्यात लाकडी डेस्क, त्यावर दौत नि बोरू. चेहऱ्यावर असा भाव, की निजामाचं राज्य हैदराबादेतून चालतं ही लोकांची भाबडी समजूत आहे. ते खरं चालतं या लिंबाखालून. अप्पा अर्जनवीस होते. ज्याला सरकारदरबारी काही मागायचं असेल आणि उर्दू लिहिता येत नसेल, त्याची अर्जी अप्पा लिहून देत.

अप्पांच्या अर्जीचा साचा ठरलेला होता. म्हैस दुसऱ्याच्या वावरात शिरलेली असो की भावाभावांत विहिरीवरून जुंपलेली असो, सुरुवात ‘गरीबपरवर सलामत’, गरिबांचा पोशिंदा सुखी असो, अशीच व्हायची. मग अर्जदार स्वतःला ‘फिदवी’, म्हणजे हुजुरांच्या पायाचा दास, म्हणवून घ्यायचा. मग संकटांची रास, आणि शेवटी ‘वाजिब होतं ते अर्ज केलं.’ डाव्या बाजूला चार बोटं कोरी जागा सुटलेली असायची. तिथं हाकिमानं मंजूर की नामंजूर ते लिहायचं. त्या जागेत अप्पा शाईचा ठिपकाही पडू देत नसत. एकदा युसूफ वडगावच्या धोंडीरामाला त्याचीच अर्जी वाचून दाखवली, तर गडी ढसाढसा रडायला लागला. म्हणाला, “अप्पा, माझं इतकं वाईट झालंय हे मला ठावंच नव्हतं!”

साचा हाडीमाशी खिळला की माणूस घरातसुद्धा तोच वापरतो. बायको महानंदाबाई एकदा माहेरी गेल्या, तर मागोमाग अप्पांचं पत्र गेलं: ‘फिदवी सेवेशी अर्ज करतो की, चुलीजवळचा मिठाचा डबा गेले दोन रोज बेपत्ता असून फिदवी हवालदिल आहे.’ बाईंच्या भावानं ते मोठ्यानं वाचलं आणि माहेरची मंडळी महिनाभर हसत होती. अप्पांना मात्र त्यात हसण्यासारखं काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

असल्या घरात एकुलता एक मुलगा ईश्वरप्पा लिहायला शिकला. पुढं तो दूरच्या शहरात कॉलेजात गेला, वसतिगृहात राहू लागला. फसली तेराशे पस्तीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सव्वीसात, त्याचा निकाल लागला. सहा विषयांपैकी पाचांत पोरगं चांगलं पास झालं होतं आणि सहाव्यात गचकलं होतं. तो सहावा विषय म्हणजे इन्शा, पत्र आणि निबंध लिहिण्याचा! अर्जनवीसाचं पोर लिहिण्यात नापास म्हणजे पोहणाऱ्याचं पोर डबक्यात बुडालं.

“सवाल काय आलता?” अप्पांनी विचारलं.

“मित्राला पत्र लिवा, सुट्टीत गावाकडं बोलवा.”

“मग? तू काय लिवलास?”

ईश्वरप्पा अंगठ्यानं जमीन उकरू लागला. “गरीबपरवर सलामत… फिदवीच्या गावी मित्रांचा दुष्काळ पडला असून…”

अप्पांनी मान खाली घातली. आतून महानंदाबाईंचा आवाज आला, “साऱ्या तालुक्याच्या अर्ज्या पास केल्या तुमी, अन् घरचं पोरगं नापास केलं!”

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. विद्यापीठाचा नियम असा होता, की एका विषयात गेला तो साऱ्या विषयांत गेला. पुन्हा त्याच वर्गात बसायचं, पुन्हा सहाही परीक्षा द्यायच्या. आणि मागं राहिलेल्याला वसतिगृहात जागा नाही. जागा गेली की ईश्वरप्पाचं शिक्षण संपलं. मामाच्या दुकानात गूळ तोलायची जागा तेवढी त्याच्यासाठी मोकळी होती, आणि मामा तागडी पुसूनच बसला होता.

चार दिवसांनी दिंद्रुडच्या देशमुखांचा अर्जुनराव घोड्यावरून आला. तोही ईश्वरप्पाच्याच वर्गातला. तो गणितात गेला होता. अशी एकेका विषयात अडकलेली त्रेचाळीस पोरं निघाली होती. त्यांनी विद्यापीठाकडं दोनदा मागण्या पाठवल्या होत्या: एका विषयात गेलेल्याला पुढच्या वर्गात घाला, त्या एकाच विषयाची फेरपरीक्षा घ्या, आणि तपासलेले पेपर आम्हाला दाखवा. दोन्ही कागदांना उत्तर आलं नव्हतं. अप्पांनी दुसऱ्या कागदाची नक्कल वाचली आणि कपाळावर हात मारला.

“आमचा हक्क हाय, असं लिवलाव? सरकारला कुनी हक्क सांगतं का बे? सरकारला दया करायची सवय हाय. जी सवय हाय तीच मागावी.”

आणि अप्पांनी बोरू उचलला. तीन दिवस लिंबाखाली दुसरं काम घेतलं नाही. खरी अडचण अशी, की परीक्षा, वर्ग, बढती यातलं अप्पांना काडीचं कळत नव्हतं. त्यांना एकच परीक्षा ठाऊक होती: पिकाची आणेवारी. पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आलं ते पंच ठरवतात आणि फारच कमी आलं तर सरकार महसूल तहकूब करतं, म्हणजे पुढच्या हंगामावर ढकलतं. अशा अर्ज्या अप्पांनी शेकड्यांनी लिहिल्या होत्या. ही त्यातलीच एक झाली.

‘गरीबपरवर सलामत,’ अप्पांनी लिहिलं, ‘फिदवींनी सहा वावरं पेरली. पाच वावरांत बारा-बारा, चौदा-चौदा आणे पीक आलं. एकट्या सहाव्या वावरावर कीड पडली. हुजूर, एक वावर बुडालं म्हणून सरकार कुळाला सहाही वावरांतून कधी उठवतं काय? त्या एका वावराची तहकुबी द्यावी. पुढच्या हंगामात फिदवी ते पिकवून दाखवतील.’

अर्जुनराव घाबरला. “अप्पा, हे युनिव्हर्सिटीला जायचंय, महसूल खात्याला न्हाई. पोरं हसतील आमाला.”

“कागद कुठं बी जाऊ द्या. वाचणारा भाकरच खातो ना?”

पोरांनी लाजत लाजत सह्या केल्या. अर्जी गेली. अप्पा रोज डाकेची वाट बघू लागले आणि रोज महानंदाबाई विचारू लागल्या, “काय, पंच आले का वावर बघायला?” अप्पा वरवर हसत. पण मामाच्या दुकानावरून जाताना तागडीकडं बघवत नव्हतं, म्हणून ते लांबच्या बोळानं कचेरीला जात.

अमरदाद महिन्यात, म्हणजे जूनच्या सुमारास, अर्जुनरावाचा घोडा पुन्हा लिंबाखाली थांबला. विद्यापीठाचं उत्तर आलं होतं. एका विषयात नापास झालेल्यांना पुढच्या वर्गात बसता येईल आणि वसतिगृहातली जागाही राहील. तो विषय चार महिने तहकूब. त्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागेल, आणि तीत गेला तर मात्र मागच्या वर्गात परत. पेपर दाखवण्याची मागणी नामंजूर. आणि अगदी खाली शेवटचं कलम: यापुढं विद्यार्थ्यांनी आपले अर्ज आपल्या हातानं, साध्या भाषेत आणि पिकांचा उल्लेख न करता लिहावेत.

“तहकूब! त्यांनी बी तहकूबच लिवलंय बघा!” अप्पांनी तो कागद त्या दिवशी कचेरीच्या शिपायापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवला. शेवटचं कलम येई तिथं त्यांचा अंगठा असायचा.

ईश्वरप्पा निघाला. गाडीत बसता बसता म्हणाला, “अप्पा, पुन्हा तोच विषय हाय. साधं पत्र कसं लिवतेत हो?”

“त्यात काय! लिवून धाडतो की तुला नमुना.”

बोलून बसले आणि अडकले. ‘गरीबपरवर’ लिहायचं नाही तर लिहायचं काय? कागदामागून कागद फुकट गेला. एकदा तर स्वतःच्या पोरालाच ‘हुजूर’ लिहून बसले. धोंडीराम शेजारी बसून हे बघत होता. त्यानं विचारलं, “कुनाची अर्जी हाय एवढी अवघड?”

“माझीच हाय,” अप्पा म्हणाले.

आठव्या दिवशी महानंदाबाईंना राहवलं नाही. “पोरगं आता समोर आलं तर काय म्हनाल?”

“काय म्हननार… जेवलास का म्हनीन.”

“मग तेच लिवा की!”

अप्पांनी कोरा कागद पुढं ओढला. मग लिहिलं: ‘ईश्वरा, जेवलास का? तू गेल्यापासून ताटावर बसलो तरी घास उतरत नाही. तू नापास झालास त्याला कारण मी आहे. रागावू नकोस. तुझा अप्पा.’ एवढंच. दुसऱ्यांची दुःखं दोन-दोन ताव लिहिणाऱ्या माणसाला स्वतःचं चार ओळींत लिहिताना घाम फुटला होता. पत्र डाकेत टाकून आले.

दसरा झाला आणि उत्तर आलं. लिंबाखाली गर्दी होती तरी अप्पांनी ते तिथंच फोडलं.

‘अप्पा, पास झालो. सवाल आला होता, वडिलांना पत्र लिहा. तुमचं पत्र मला पाठच होतं, त्याचंच उत्तर लिहून दिलं. मी जेवतो वेळेवर. तुमच्यावर राग नाही. दिवाळीला घरी येऊ का?’

अप्पांनी पत्र डेस्कवर सरळ केलं. पोरानं डावीकडं चार बोटं कोरी जागा सोडली होती. तेवढी खोड मोडली नव्हती. अप्पांनी डोळे पुसले, बोरू दौतीत बुडवला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या जागेत स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘मंजूर.’ खाली तारीख घातली.