पळसाच्या फुलांची बाई

सर्वांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की त्या दिवशी आमच्या मोत्या कुत्र्याची लघवी कोंडली होती. डॉक्टरांचं औषध देऊनही पोट दगडासारखं टणक होतं. तो मरणार, या भीतीनं घरात कुणी जेवलं नव्हतं.

शेवटी गोकुळपेठच्या बाजारात झाडपाला विकणाऱ्या बाईला मी घरी आणलं. तिला कुत्र्यांची भलतीच धास्ती. पदर दातांत धरून, मान वळवून तिनं पळसाची उकळलेली फुलं कोमट असताना मोत्याच्या पोटावर बांधली.

थोड्या वेळानं फरशीवर केशरी ओघळ आला. फुलांचं पाणी, की रक्त? मी वाकून रंग निरखू लागलो.

“रंग काय पाहून राहिले, भाऊ?” असं म्हणून ती गुडघ्यांवर टेकली. पार शेपटीजवळ नाक नेऊन तिनं ओघळ हुंगला आणि ती ओरडली, “मुतला गा भाऊ, मुतला! आता बांधा त्याले, मले लय भेव लागते!”