चिंचोक्यांची वाटी

दत्तू गेल्याचं कळलं तेव्हा मी जेवायला बसलो होतो. घास उचललेला तसाच पानात ठेवला... आणि त्याचाच हात डोळ्यांपुढे आला.

मुलुंडला आमची बिऱ्हाडं समोरासमोर. अर्धांगाच्या झटक्याने त्याचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा लेकीचं लग्न ठरलेलं होतं. डाव्या हाताने जेवायचं म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं. मग इंदूवहिनी भरवायच्या. इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना बजावलं होतं, "भरवू नका. हात धड आहे, मेंदूचा निरोप तिथवर पोचत नाही. रोज काम दिलं तर निरोपाला दुसरी वाट सापडेल." वहिनी म्हणाल्या, "म्हणजे काय, उपाशी ठेवू यांना?" घरात दत्तूचा हात जरा अडखळला की त्यांचा पुढे यायचा.

म्हणून तो आमच्या गॅलरीत येऊन बसू लागला. घरून पितळी वाटी आणली, तीत चिंचोके. एकेक चिमटीत धरून ताटलीत टाकायचा. सांडले की पुन्हा. बनियन घामाने भिजायचं. "पुरे कर रे," मी म्हणायचो. तर म्हणे, "व्याह्यांच्या पंगतीत माझ्या हाताने जेवणार. इंदूला बोलू नकोस, तिला तिथेच बघू दे."

आणि जमलं त्याला. लग्नात व्याह्यांशेजारी बसला, वरणभात कालवला, थरथरत घास उचलला. नेमके तेव्हाच नवरानवरी एकमेकांना भरवत होते, हशा चालला होता. कुणीतरी म्हणालं, "इंदूताई, तुमचंही होऊन जाऊ दे." वहिनी लाजल्या, नाव घेतलं आणि जिलबीचा तुकडा त्याच्या तोंडापुढे धरला. दत्तूने तोंड उघडलं. त्याचा घास पानात पडला. सगळे टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर तो गॅलरीत आला नाही. बोलावलं तर म्हणायचा, "कशाला रे आता..." दुसरा झटका येईपर्यंत वहिनीच भरवत राहिल्या. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

परवा वाटी परत द्यायला गेलो. "ही आमची वाटी तुमच्याकडे कशी, भावोजी?" सांगावं लागलं. वहिनी चिंचोके चाचपू लागल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लग्नात, पंगतीत... यांनी आपल्या हाताने घास उचलला होता का हो?"

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "तेवढं नव्हतं जमत त्याला."